दोन खुर्च्यांचा वर्ग

ऐंशीच्या दशकात मी कर्जतला मानसिक आजारांचा डॉक्टर होतो. आजारी माणसांच्या घरच्यांसाठी दहिवलीच्या शाळेत वर्ग घ्यायचे ठरले, तेव्हा मीच छाती फुगवून म्हणालो, की डॉक्टर एकटा बोलणार नाही. आजारातून उठलेलं माणूस बरोबरीने वर्ग घेईल. शेजारी शेजारी दोन खुर्च्या. बोलायला माझं काय जात होतं!

माझ्या जोडीला खालापूरकडची, भातशेती करणारी एक बाई होती. चार वर्षं माझ्या गोळ्या घेऊन सावरलेली. त्याच वर्षी सासूने तिला पुन्हा चुलीपाशी येऊ दिलं होतं, आणि तिच्या लेखी माझ्या सगळ्या औषधांपेक्षा ते मोठं होतं. महिनाभर दर गुरुवारी आम्ही दवाखान्यात तालीम केली. तिला शिकवणारा मी होतो, पण दटावायची तीच. "डॉक्टर, मी बोलताना तुमी मधी पडू नका. मी थांबली तरी गप बसा." मी मान डोलवायचो.

वर्गाला वीसेक माणसं आली. पहिल्याच बाकावर तिची सासू, घडीचं लुगडं नेसून. सून डॉक्टरच्या शेजारी खुर्चीवर बसणार, हे बघायला मुद्दाम आली होती.

बाई छान बोलली. झोप कशी उडाली, कानात आवाज कसे यायचे, सगळं. "मंग मी रानात पळाया लागली," म्हणाली आणि थांबली.

मला धीर निघेना. तिचा केसपेपर मला पाठ. "मी सांगतो," म्हणालो. "यांना तेव्हा घरच्यांनी दोन महिने गोठ्यात बांधून ठेवलं होतं. असं कुणी करू नका." लोकांनी हळहळत माना हलवल्या. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते.

सासू उठली. तोंडाला पदर लावून, कुणाकडे न बघता बाहेर निघून गेली.

वर्ग कसाबसा आटपला. माणसं पांगल्यावर मी म्हणालो, "तुम्ही अडखळलात, मला वाटलं सावरून घ्यावं..."

"आडली नव्हती मी," ती म्हणाली. "तेवढं गाळलं व्हतं. ती समोर बसली व्हती ना."

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि पिशवी उचलली.

"आता तिच्यासंगं घरी मला जायाचं हाय, डॉक्टर. तुमाला नाय."