ओसाकाची पाळी येण्याआधी

पुणं सोडलं त्या आठवड्यात मी वर्गात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवड शिकवत होते. पक्ष आपला उमेदवार कसा ठरवतात इथपर्यंत आले आणि तास संपला. मुलींनी फुलं दिली. प्राचार्य म्हणाले, "मिस्टरांना जपान मिळालं, आनंदाचीच गोष्ट!" माझ्या नोकरीचा विषय कुणी काढला नाही. मी फळा पुसला आणि उरलेलं प्रकरण पुढच्या बाईंच्या हवाली केलं. विमानतळावर माझी आई, तुमची पणजी, एवढंच म्हणाली, "जमवून घे गं. परक्या मुलखात आपलंच खरं करत बसू नकोस."

इरा, निखिल, हे सगळं आज लिहितेय ते परवाच्या इराच्या फोनमुळे. ज्या उमेदवारासाठी ती तिकडे अमेरिकेत थंडीत दारोदार फिरली, तो पहिल्या दोन छोट्या राज्यांत मागे पडला आणि स्पर्धेतून बाजूला झाला. पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान तिथे राज्याराज्यांत पाळीपाळीने होतं; इराच्या राज्यात ते व्हायला अजून कितीतरी दिवस होते. "आजी, माझं पहिलं मत होतं गं," ती म्हणाली, आणि मी एकदम इतकी चिडले की ती घाबरून विचारायला लागली, तुझं ब्लड प्रेशर ठीक आहे ना. ब्लड प्रेशर ठीक आहे. राग जुना आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि तो इथे ओसाकातच आला.

तुमच्या आजोबांना कंपनीने ओसाकाला पाठवलं. माझ्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का बसला. कॉलेजात ज्या बाईला मुलं उभं राहून नमस्कार करत, तिला आता परवानगी घेतल्याशिवाय साधं आरुबाइतो, म्हणजे तासांवरचं कामही करता येत नव्हतं. कचरा चुकीच्या वारी ठेवला तर शेजारीणबाई पिशवी परत माझ्या दारात आणून ठेवत आणि वर वाकून माफीही मागत. मी निमूटपणे सगळं शिकले. पुण्यात मी वर्गातल्या मुलांची बाई होते, मॅडम होते. इथे मी फक्त कुणाच्या तरी मागे आलेली होते.

आमच्या खालच्या मजल्यावर अनघा राहायची. नव्याने लग्न होऊन आलेली, पोटुशी. नवरा दिवसभर कामावर, म्हणून ती दवाखान्यात एकटीच जायची. एकदा तिथून येऊन ती सरळ माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. डॉक्टर बराच वेळ बोलत होते आणि ही भीतीने प्रत्येक वाक्याला "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, म्हणत मान हलवत राहिली होती. "काकू," ती म्हणाली, "मी कशाकशाला हो म्हणून आले असेन हो?"

त्या वाक्याने माझी झोप उडाली. जपानी नीट बोलणारे मराठी लोक होते, पण बहुतेक तिकडे दूर, कावासाकी आणि तोक्योत. मला वाटलं, जपानातल्या आपल्या मराठी मंडळाने रोज एका घराचा फोन या कामासाठी ठेवावा. दवाखान्यातून फोन आला की त्या घरातल्या माणसाने डॉक्टरांशी बोलावं, आणि काय चाललंय ते बाईला मराठीत सांगावं. एवढंच. मी मंडळाचे अध्यक्ष कर्णिक यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मंडळ गणपतीसाठी आहे हो. दवाखान्याचं कंपनी बघते." अनघाच्या नवऱ्याच्या कंपनीने काय बघितलं होतं ते मला माहीत होतं. म्हणून मी अध्यक्षपदाला उभी राहिले.

आता आमच्या मंडळाची रीत ऐका. सगळे मावतील असा हॉल परवडत नसे, त्यामुळे अध्यक्षाची निवड तीन गावांत फिरत यायची. आधी संक्रांतीचा तिळगूळ कावासाकीत, तिथे पहिलं मतदान. मग तोक्यो. शेवटी पाडव्याला ओसाका. कावासाकीत मागे पडलेल्याने 'मंडळाच्या एकोप्यासाठी' नाव मागे घ्यायचं, अशी पद्धत पडून गेली होती. त्यामुळे ओसाकाने आजवर मत असं दिलंच नव्हतं, नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. आणि मतही एका कुटुंबाला एकच. हात वर करायचा तो कुटुंबप्रमुखाने. बायका त्या वेळी आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत असत.

मी कावासाकीला गेले. तातामीच्या चटयांवर मांडी घालून बसलेल्या त्या पुरुषांसमोर उभी राहून माझं म्हणणं मांडलं. अनघाचं नाव घेतलं नाही, पण प्रसंग सांगितला. खोलीच्या दारात पुड्या हातात धरून बायका उभ्या राहिल्या होत्या. एकजण मागून म्हणालीसुद्धा, "माझ्या वेळी असं असतं तर!" तिच्या नवऱ्याने वळून बघितलं तशी ती आत गेली. मग हात वर करायला सांगितलं. तिथले निम्मेअधिक लोक कर्णिकांच्याच ऑफिसात, त्यांच्या हाताखाली होते. 'कर्णिकसान, कर्णिकसान' असं अदबीने म्हणत दिवस काढायचा आणि रविवारी त्यांच्याच समोर त्यांच्याविरुद्ध हात वर करायचा, ही हिंमत कोण करणार? तरी काहींनी केली. कर्णिकांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच हात माझ्यासाठी वर गेले. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला.

अमेरिकेत याला जिंकणं म्हणतात. तिथे पहिल्या छोट्या राज्यात एखादा दुसरा आला, पण अपेक्षेपेक्षा चांगला आला, तर वर्तमानपत्रं त्याला डोक्यावर घेतात आणि पुढच्या राज्यांत त्याची हवा होते. पहिला आलेला कमी फरकाने आला तर त्याच्याच पायाखालची जमीन सरकते. खरं तर त्या दोन राज्यांतली मतं साऱ्या देशाच्या मानाने चिमूटभर. पण कोण 'चालणार' आणि कोण 'चालणार नाही' हे ती ठरवून टाकतात, आणि बाकीच्या कोट्यवधींपुढे उरलेलीच नावं येतात. हे माझ्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मी ते त्या वर्षी ओसाकात टीव्हीवर शिकले. त्यांचंही निवडणुकीचं वर्ष होतं, आणि बटण दाबलं की बातम्या इंग्रजीतून ऐकू येत.

अशाच एका रविवारी सकाळी आम्ही दोघं पोहे खात बातम्या बघत होतो. दुसऱ्या छोट्या राज्यात मागे पडलेला एक उमेदवार माघार जाहीर करत होता. शेजारी त्याची बायको ओठ घट्ट मिटून उभी होती.

आजोबा म्हणाले, "बघ, किती सभ्यपणे बाजूला झाला. तुझंही मी तसंच कळवून टाकलं."

"माझं काय?"

"अगं, कर्णिकांचा फोन आला होता. म्हणाले, वहिनींचा मान राहिला, आता ताणू नये. मी म्हटलं, हो हो, तिची काही हरकत नसणार."

"मला विचारलंत?"

"तू बाजारात गेली होतीस."

मी बाजारात गेले होते! कोथिंबीर मिळते का बघायला दोन स्टेशनं पलीकडे गेले होते आणि तेवढ्यात माझी उमेदवारी संपली होती. मी ताबडतोब कर्णिकांना फोन लावला. ते फार गोड बोलले. "वहिनी, सभासद तुमचे साहेब आहेत. साहेबांनी सांगितलं, विषय संपला." तुमच्या आजोबांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवलेला नाही. हे त्यांनी प्रेमानेच केलं. म्हणूनच मला जास्त राग आला. रागवणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

तोक्योत नुसत्या टाळ्या झाल्या आणि पाडव्याला कर्णिक ओसाकाला आले. श्रीखंड वाढायच्या आधी म्हणाले, "यंदाही एकच नाव आहे, टाळ्या होऊन जाऊ द्या." मी उभी राहिले. म्हटलं, "ओसाकाची पाळी आज आहे. माझं नाव मी मागे घेतलेलं नाही. बायकांसकट सगळ्यांनी हात वर करावेत." बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. अनघाने मात्र हात वर केला. आठवा महिना, उठताही येत नव्हतं, बसल्या बसल्याच केला. तिचा नवरा हळूच म्हणाला, "अगं, ते क्लोज झालंय," आणि त्याने तिचा हात धरून खाली घेतला. मग टाळ्या झाल्या. सर्वांत आधी टाळी वाजवली ती श्रीखंडाच्या घाईत असलेल्या एका गृहस्थाने.

पुढच्याच महिन्यात अनघाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्याबरोबर मी गेले. माझं जपानी भाजीबाजाराएवढं. डॉक्टर घाईघाईने काही सांगत होते. मी कावासाकीतल्या तीन घरांना फोन केले. कुणी उचलला नाही, आणि का उचलावा, त्यांना कुणी तसं सांगितलंच नव्हतं. तिला आत नेलं. पोट कापून बाळ काढलं ते आम्हाला झाल्यावर कळलं आणि का कापलं ते अनेक दिवसांनी. बाळ धडधाकट होतं. मंडळातर्फे कर्णिकांनी फळांची सुंदर करंडी पाठवली, वर रेशमी फीत. अनघा म्हणाली, "काकू, ही कुणाला तरी देऊन टाका." मी ती कचऱ्याच्या वारी, नियमाप्रमाणे, वेगवेगळी करून टाकली: फळं एकीकडे, फीत एकीकडे.

लोक म्हणतात, एवढ्याशा मंडळाच्या निवडणुकीचं काय घेऊन बसलीस. इरा, तुझे मित्रही तुला म्हणतील की शेवटी जिंकणारा जिंकलाच असता. कदाचित. पण ज्याची पाळी यायची आहे त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचू द्यायचा नाही आणि नंतर त्याच्या टाळ्या एकमताच्या म्हणून मोजायच्या, याला निवड म्हणत नाहीत. तुझ्या राज्याची पाळी येईल तेव्हा जा. मतपत्रिकेवर त्या माणसाचं नाव अजून छापलेलं असेल तर त्यालाच मत दे. फुकट गेलं म्हणतील. जाऊ दे.

माझं विचाराल तर, मला कुठेच मत नाही. इथे मी परदेशी. पुण्यात मी राहत नाही म्हणून यादीतून नाव गेलं. माझ्या बहिणीला वाटतं मी म्हातारपणी परत यावं, तुमच्या आईला वाटतं अमेरिकेला यावं. दोघी आजोबांना फोन करून विचारतात, कारण मी तडकते हे त्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात तुमच्या आईने पुन्हा विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आजोबा म्हणाले, "थांब, मला तिचं माहीत नाही, ती इथेच आहे, तिलाच विचार." ओसाकातल्या या दोन खोल्यांत, त्या एका वाक्यात, मी राहते. याला मी घर म्हणते. फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी तुमच्या आईला सांगितलं, नाही.