नानांचं क्रियापद आणि माझी पहिली आखाजी

माझे सासरे, नाना, जळगावच्या शाळेतून रिटायर झाले आणि परदेशी भाषांच्या मागे लागले. इंग्रज गेले तेव्हा भुसावळच्या कुण्या रेल्वेसाहेबानं जुने शब्दकोश मोडीत काढले होते, ते यांनी पोतं भरून घरी आणलेले. झालं! रोज चहाबरोबर एक शब्द. सासूबाई सरळ उठून जायच्या. मी नवी नवरी, मीच तावडीत सापडायची.

त्या चैत्रात 'प्लिकारे' निघालं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घडी घालणं. "फ्रेंच लोक अजून घडीच घालतात, सूनबाई. पण स्पॅनिशमध्ये त्याचंच झालं 'येगार', म्हणजे पोहोचणं! किनारा आला की खलाशी शिडं गुंडाळणारच ना? आणि रुमानियात तेच 'प्लेका' म्हणजे निघणं! तिथे म्हणे तंबू गुंडाळले की चालू पडायचं." एवढं बोलून टाळीसाठी हात पुढे. सुनेनं सासऱ्याला टाळी कशी द्यायची, सांगा! मी पदर सावरून "हो का" म्हणायची. माझं सगळं चित्त आखाजीकडे.

लग्नानंतरची पहिली आखाजी होती. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेच्या त्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, घसा बसेस्तोवर गाणी म्हणतात. पण एकटीनं जायचं नाही. सासऱ्यानं 'न्यायला या' असं कार्ड टाकायचं, मग भाऊ मुराळी होऊन येतो. माझं माहेर धुळ्याजवळचं खेडं. नानांनी कार्ड पेटीत टाकलेलं मी स्वतः पाहिलं होतं. लुगडी भरून मी केव्हाची मोकळी.

भाऊ काही येईना. सण दोन दिवसांवर आला. मी चुलीच्या धुराचं निमित्त करून रडले, तेव्हा सासूबाई कडाडल्या, "कार्डात लिहिलं तरी काय होतं?"

नाना आठवून आठवून सांगू लागले. आधी क्षेमकुशल, मग शिडं, तंबू, आणि रुमानिया समासात आडवा. जागा संपली म्हणून सही.

"अन् न्यायला या?"

"ते... राहिलं वाटतं."

"धन्य आहे तुमची!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बोलावणं नाही म्हणजे सासरचे पाठवत नाहीत, दुसरं माहेरी काय समजणार?

नानांनी टोपी घातली आणि माझी पेटी उचलली. "चला, सूनबाई. मुराळी मी."

सासरा मुराळी! बाई बाई, कुणी ऐकलंय का असलं? धुळ्यापर्यंत मोटारीत मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

गावात शिरलो तर बायका दारांतून ओरडतात, "सासरा लई उना वं!" सुनेला सासराच घेऊन आला म्हणे! आई भाकरतुकडा घेऊन धावली. माझ्यावरून ओवाळला आणि गडबडीत व्याह्यांवरूनही ओवाळला! काकू हसून हसून खालीच बसली. आणि आई एकदम हमसून रडायला लागली. "आमले वाटनं, तू येत नही." ते कार्ड तिनं चौघांकडून वाचून घेतलं होतं. कुणालाच त्यात बोलावणं सापडलं नव्हतं. तिनं यंदा झोकाही बांधला नव्हता.

नाना सगळं ऐकत उभे होते. आई कधी व्याह्यांसमोर तोंड उघडायची नाही. त्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "नाना, पोरले आठ दिन ऱ्हाऊ द्या."

नानांनी घसा खाकरला. मेले, म्हटलं, आता सुरू होणार.

"महिनाभर राहू द्या," नाना म्हणाले. पुढे एक शब्द नाही.

मी सासऱ्यांसमोर, भर गल्लीत, आईच्या गळ्यात उडी मारली.