कट्ट्यावरची चुलती

शालन, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर काही विचारू नकोस. चौथीनंतर हातात खुरपं आलं. तेवढं माफ कर. बाकी कशाची माफी मी मागणार नाही. हे तुला पाठवणारही नाही, पण लिहायचं तुलाच आहे.

तुरुंगातून सुटून आले त्या दिवशी तू दारात उभी होतीस. तुझा बाप, माझा थोरला दीर, आडवा हात लावून म्हणाला, "हितं जागा न्हाय. गेलीस तशी जा." मी माझ्या उसाचं बिल मागितलं. तो हसला. "कसलं बिल? गंज पेटवलीस ती काय तुझ्या बाची हुती?" तुझ्या आईनं भाकरी दिली, पण बाहेर, कट्ट्यावर. संध्याकाळच्या एसटीनं मी कोल्हापूर गाठलं.

कडब्याची गंज मी पेटवली होती, ते खोटं नाही. तुझे काका गेल्यावर दोन वर्षं माझ्या वाट्याचा ऊस तुझ्या बापानं आपल्या नावावर कारखान्याला घातला आणि पैसे उचलले. मागितले की म्हणायचा, "बसून खातीस ते काय कमी हाय?" तिसऱ्या वर्षी मी त्याच्या कडब्याला काडी लावली. वर्षभर आत होते. आजही कुठं कडबा जळताना दिसला की मला बरं वाटतं.

कोल्हापुरात सुटलेल्या बायकांसाठी एक संस्था होती. तिथल्या बाईंनी मला चौथीच्या पुढचं वाचायला-लिहायला शिकवलं आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत शिकायला घातलं. लोखंडाचा भाग पोकळ ओतायचा असेल तर साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. वाळूत तेल आणि साखर कारखान्याची मळी कालवायची, लाकडी पेटीत ठोकून भरायची, अलगद उलटायची आणि भाजायची. उसाच्या रसातून साखर काढून उरते ती चिकट मळी. माझ्या उसातलं एवढंच माझ्या हाताला लागलं. सुरुवातीला माझे सगळे कोअर मोडायचे. फोरमन ओरडायचा, "अगं, भाकरी थापतीस काय? दाब की!" मी दाबायला शिकले. दाबताना डोळ्यासमोर कोण असायचं ते तुला सांगायला नको.

बाईंचं एकच सांगणं, "तुरुंगाचं नाव कुणापुढं काढायचं नाही." मी काढलं नाही. शेजारी काम करणाऱ्या काशीनं विचारलं, "नवऱ्यानं टाकली व्हय गं?" मी मान हलवली. टाकलेली बाई लोकांना चालते, तुरुंगातली चालत नाही.

संस्थेत दोन वर्षंच ठेवून घेत. उचगावात एक खोली मिळत होती, पण डिपॉझिट कुठून आणू? तुझ्या बापाला दोन पत्रं घातली. बाजाराला आलेल्या माणसाकडून उत्तर आलं, "जळक्या हातात पैसं टिकत न्हाईत." पुढच्या महिन्यात निजायचं कुठं, हे मला माहीत नव्हतं. म्हणून एका सोमवारी, फाउंड्रीच्या सुट्टीला, मी स्वतः मागायला आले.

तुला बघायला पावणं आलेत याची मला कल्पना नव्हती. गर्दी दिसली म्हणून लाजून बाहेरच बसले. त्यांच्यातला एक म्हातारा तंबाखू थुंकायला आला. "कोण म्हणायचं तुम्ही?" मला खोटं पटकन सुचत नाही. म्हटलं, "पोरीची चुलती. तुरुंगातनं सुटून आलीया."

म्हातारा आत गेला. पोहे बशीत तसेच राहिले आणि पावणं उठले.

तेव्हा मी तुझ्या बापाचं तोंड पाहिलं. ज्या शब्दाला मी दोन वर्षं भीत होते, त्याला तो माझ्याहून जास्त भीत होता. हे मला बाईंनी शिकवलं नव्हतं.

तुझा बाप शुभ काम सोमवारीच करतो, हे माझं नशीब. तुमच्या गल्लीतली भाजीवाली मला बातमी द्यायची. दुसऱ्या खेपेला मी ठरवून आले, धुतलेलं लुगडं नेसून. भांडले नाही, ओरडले नाही. बसले. तुझी आई पाया पडली, "ऊठ गं बाई, पोरीचं वाटोळं करतीस."

"आक्का, मी नुसती बसलीया की."

तू आतून बघत होतीस, रडत होतीस. मला वाईट वाटलं, पण उठण्याइतकं नाही. पावण्यांनी कोण म्हणून विचारलं, मी तेच उत्तर दिलं. तेही परत गेले.

आता उचगावची खोली माझी आहे. किल्ली माझ्या कमरेला असते. काशीला मी खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "गंज? एकटीनं? मला न्हाय जमलं ते." गावाची आठवण येते, पण तुमच्या घराची येत नाही. जिथं मला कुणी ऊठ म्हणू शकत नाही ते घर, एवढंच मला आता कळतं.

खोली मिळायच्या आधी, तिसऱ्या खेपेच्या सोमवारी, तुझा बाप पावण्यांच्या आधीच बाहेर आला. "किती पायजेत?"

"माझं हाय तेवढं."

"निम्मं घे. उरल्यालं सुगीला."

"मग मी सुगीपातूर बसते."

एसटी येऊन थांबली होती. पावणं उतरून चौकशी करत वर येत होते. तो घाईघाईनं आत गेला आणि नोटा घेऊन आला. कमी होत्या. मी जागची हलले नाही. मग तुझ्या आईनं ट्रंक उघडली आणि तुझ्या शालूसाठी बाजूला काढलेले पैसे आणून माझ्या पदरात टाकले. मी ते मोजले, परत एकदा मोजले. पुरते होते.