ड्रायव्हरताईचा पिकअप

ड्रायव्हरताईने एका कारखान्याची स्टाफ बस बावीस वर्षं चालवली. बस अशी उचलायची की मागच्या सीटवर डुलकी काढणाऱ्याची मानसुद्धा हलायची नाही. पण अंगात खोड्या ठासून भरलेल्या. एक साहेब रोज उशिरा यायचा आणि लांबूनच हात करायचा. ताई गाडी थांबवायची, तो धापा टाकत दाराशी पोचला की चार हात पुढे घ्यायची. तो पुन्हा पळायचा, ही पुन्हा चार हात पुढे. आठवड्याच्या आत तो साहेब सगळ्यांच्या आधी स्टॉपवर उभा राहायला लागला.

पुढे गुडघ्यांनी क्लच दाबायला साफ नकार दिला आणि ताईने बस सोडली. घरी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. धाकट्या भावाचं लाकडी पाट्या बनवायचं वर्कशॉप होतं, तिथे ती जाऊन बसायला लागली. त्याच सुमारास धाकट्याने नवीन मशीन घेतलं होतं. टेबलावर फळी आवळायची, वरचा लोखंडी पूल इकडेतिकडे सरकतो आणि त्याला लटकलेलं कटर कॉम्प्युटर सांगेल तशी अक्षरं कोरतं. सी.एन.सी. राउटर म्हणतात त्याला. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने वेग मुद्दामच कमी ठेवला होता. "आधी हात बसू द्या, मग हळूहळू वाढवा," असं तो बजावून गेला.

पण धाकटा आणि हळूहळू, यांचं लहानपणापासून वाकडं. दोनच दिवसांत तो मशीनला गोगलगाय म्हणायला लागला. एका दुपारी ताई गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेली, तेवढ्यात याने सेटिंग उघडलं. तिथे दोन आकडे होते. एक वेगाचा, दुसरा वेग किती झटक्यात घ्यायचा त्याचा. याने दोन्ही पाचपट केले आणि एक पाटी लावून टाकली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची ऑर्डर होती: "वाहन परवाना मार्गदर्शन केंद्र".

ताई परत आली तेव्हा पाटी भिंतीला टेकवलेली आणि धाकटा शेजारच्या काचवाल्यासमोर छाती काढून उभा.

"अकरा मिनिटं! आधी पाऊण तास लागायचा."

ताईने पाटीकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता म्हणाली, "छान झालीय की. जरा मोठ्याने वाच ना, चष्म्याचा नंबर वाढलाय माझ्या."

"वाहन परवाना मार्गदर्शन केंद्र," धाकट्याने खणखणीत वाचलं.

"असं नाही. एकेक अक्षर."

"वा. ह. न. प..." इथे धाकटा अडकला. काचवाला मान वाकडी करून पुढे झाला आणि त्याने उरलेलं वाचून टाकलं. "खा. ना. पखाना केंद्र!"

झालं होतं असं, की र कोरून झाल्यावर मशीनने वा कडे झेप घेतली आणि मोटरला ती झेप झेपली नाही. ती जागच्या जागी कण्हली, कॉम्प्युटरला मात्र वाटलं आपण पोचलो. तिथून पुढची सगळी अक्षरं बोटभर अलीकडे आली आणि वा जाऊन र ला असा चिकटला की दोघांचा मिळून खा झाला. काचवाला हसत हसत स्टुलावर बसला. नेमके त्याच वेळी मास्तर दारात उभे. ताईने पाटीवर पोतं टाकेपर्यंत त्यांनी वाचूनही घेतली होती.

धाकट्याचा चेहरा पडला. मास्तर मात्र डोळे पुसत म्हणाले, "दुसरी करून द्याच. पण ही फेकू नका हं. आमच्या क्लासच्या मागे एक खोली आहे, तिला बरेच दिवस पाटी हवी होती."

दुसऱ्या दिवशी ताईने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची बळकावली. "वेग मला कळतो. आणि हा दुसरा आकडा म्हणजे आपला पिकअप. बाजूला हो."

तिने कटर काढून त्या जागी पेन्सिल बसवली आणि खाली कागदावर एक फुली मारली. मशीनला त्या फुलीवरून निघून टेबलाच्या टोकापर्यंत जायला लावायचं, वीस फेऱ्या मारून परत आणायचं आणि पेन्सिल बरोबर फुलीवर टेकते का ते बघायचं. पिकअप कमी ठेवून आधी वेग वाढवत नेला. मिनिटाला दहा मीटर, अकरा, बारा. चौदाला मोटर कण्हली आणि पेन्सिल फुलीच्या शेजारी टेकली. ताई नऊवर परत आली. मग तसाच पिकअप चढवत नेला. पूल थरथरून पेन्सिलची रेघ नागमोडी यायला लागली तिथे थांबली आणि तोही चांगला खाली घेतला. फेऱ्या मोजत अख्खा दिवस गेला.

"नऊ?" धाकटा किंचाळला. "मी काचवाल्याला बारा सांगून बसलोय! तू पिकअप कमी ठेवून पाहिलंस तेव्हा बाराला अडखळलं नव्हतं की."

"नव्हतं. तुझा बारा ठेव, पिकअप कमी ठेव. माझा नऊ आणि माझा पिकअप. एकच मजकूर दोघांनी कोरायचा. ज्याला जास्त वेळ लागेल त्याने महिनाभर भुसा झाडायचा. आकडा तुझा, मजकूर माझा. कबूल?"

"कबूल!" बारा आणि नऊ यांत मोठा कोण हे कोणालाही कळतं, या हिशोबाने धाकटा खूश होता.

ताईने मजकूर टाइप केला. अक्षरं करंगळीच्या नखाएवढी. आधी धाकट्याच्या सेटिंगवर मशीन सुरू झालं आणि तो कौतुकाने वाकून बघायला लागला. एकेक शब्द उमटत गेला: "शाळेत जायला नको म्हणून धाकटा रोज सकाळी पोट धरून लोळायचा आणि आई वळली की डब्यातलं सगळं खाऊन टाकायचा."

"ताई! हे काय?"

"बारीक अक्षरांची चाचणी."

मशीन मात्र बाराच्या जवळपासही जाईना. वेग पकडेपर्यंत अक्षराचं वळण यायचं, वळणाला थांबावं लागायचं, पुन्हा सावकाश सुरुवात. कोपऱ्याकोपऱ्यावर कटर रेंगाळून लाकूड काळं पडत होतं. एकोणचाळीस मिनिटं लागली. मग ताईची पाळी. तिची फळी चोवीस मिनिटांत झाली, कोपरे स्वच्छ.

"बाराचं मशीन हरलं कसं?" धाकटा डोकं खाजवत राहिला.

"गल्लीबोळातून गाडी काढताना टॉप गिअर कधी पडतो का रे? तिथे पिकअपच लागतो."

एवढ्यात धाकट्याची बायको संध्याकाळचा चहा घेऊन आली. तिने दोन्ही फळ्या शांतपणे वाचल्या. "वन्सं, ही चांगली आलेली मी घरी नेते. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावायला."

धाकट्याने महिनाभर भुसा झाडला, तक्रार न करता. तक्रार करायला तोंड तरी कुठे होतं! पण त्याने एक केलं. मशीनच्या पुढच्या बाजूला "१२" असं मोठं कोरून चिकटवलं. ताईने ते राहू दिलं. काचवाला आला की ती स्वतःच म्हणायची, "बारा आहे बरं का आमचा."

सहा महिन्यांनी तो इंजिनिअर मशीन तपासायला आला. सेटिंग उघडून त्याने दोन्ही आकडे दोनदा तपासले. "हे कोणी बसवलं? फार नेमकं आहे."

"आम्हीच," धाकटा पुढे सरसावला.

ताई टेबल पुसत होती. "सांग की मग साहेबांना, पिकअप कसा ठरवलास ते."

"ते... आवाजावरून."

"कुठला आवाज?" इंजिनिअरने वही काढली.

धाकटा घाईघाईने टेबलावरचे कप गोळा करायला लागला. "ताई, चहा टाकतेस का जरा?"

"आज तूच टाक. मी साहेबांना आवाज ऐकवते."

धाकटा कप घेऊन आत गेला. ताई बाहेर मोटरचं गाणं आणि कण्हणं समजावून सांगत होती आणि इंजिनिअर वहीत भराभर लिहीत होता. धाकटा दाराला कान लावून एकेक शब्द ऐकत उभा राहिला, आणि मागे चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी त्याला पत्ता नव्हता.