तिला मातीची किळस नाही

“सून चांगली शे वं माय, पन तिले माटीनी किळस नही!”

हे माझ्या सासूबाई शेजारच्या मंगलाकाकूंना सांगत होत्या. अर्थात मी ऐकावं म्हणून नव्हे. मी आत कळण्याच्या भाकरी थापत होते, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर ओट्यावर उघडते, हे सासूबाई दर वेळी विसरतात.

“अगं बाई! मग?” मंगलाकाकूंनी आवाज इतका खाली आणला, जणू मला फिट येते असं त्यांना कळलं होतं.

“मग काय! रोज कॉमन प्लॉटमा जास, हात घाली बसस माटीमा. आते तठे ब्लॉक टाकी देतीन. मंग जाई तिनी सवय.”

हा कॉमन प्लॉट म्हणजे आमच्या सोसायटीच्या टोकाला उरलेला मोकळा तुकडा. एक कडुनिंब आणि त्याच्याखाली, आख्ख्या सोसायटीत उघडी राहिलेली तेवढीच माती. तिच्या एका कोपऱ्यात गोधडीएवढा माझा मेथीचा वाफा. आता त्या सगळ्यावर सिमेंटचे पेवर ब्लॉक बसवायचं ठरत होतं, आणि मला ते नको होतं. पण सांगणार कोणाला? वर्षाच्या आतली सून. त्यातून मी मुळातच कमी बोलणारी!

मात्र न बोलण्याचा एक फायदा आहे. ऐकायला फार मिळतं. आणि न बोलणाऱ्या माणसात किस्से साचतात ते आमच्या गल्लीतल्या पावसाच्या पाण्यासारखे. जायला जागाच नसते!

*

त्या पाण्यापासूनच सांगते.

आमची सोसायटी सुरतला, नवागामच्या पुढे. रो-हाऊसच्या समोरासमोर दोन रांगा. बहुतेक माणसं खानदेशातली. कोणी लूमवर, कोणी मिलमध्ये, कोणी माझ्या नवऱ्यासारखं मार्केटात साड्यांच्या हिशेबावर. सगळे मातीतून आलेले. आणि घर घेतल्यावर प्रत्येकाने पहिलं काम काय केलं? दारासमोरची माती झाकली!

माझे सासरे, म्हणजे अण्णा, तर स्वच्छच सांगतात, “गावाले पाय चिखलमा, आठे बी चिखलमा, मग सुरतले उनूत कशाले?”

इथेही चिखलच तुडवायचा तर सुरतला आलोच कशाला, हा त्यांचा सवाल.

तर गल्ली सिमेंटची झाली आणि पाणी मुरायचं बंद झालं. मग ते फिरायला लागलं. आधी मंगलाकाकूंच्या घरात गेलं. त्यांच्या मिस्टरांनी, पाटीलकाकांनी, ओटा वीतभर वाढवला. पाणी तिथून परतलं ते आमच्याकडे आलं. अण्णांनी ओटा दोन विती वाढवला. पाणी समोरच्या रांगेत गेलं. समोरच्या रांगेने एकजुटीने ओटे उचलले. पाणी पुन्हा काकूंकडे!

असं बरीच वर्षं चाललं म्हणे. शेवटी ओटा घरातल्या जमिनीपेक्षा वर गेला, तेव्हा अण्णांनी घरातली फरशीसुद्धा उचलली. दाराची चौकट मात्र होती तिथेच राहिली. लग्नाच्या दिवशी मी माप ओलांडायला पाय उचलला आणि चौकट खाडकन कपाळावर!

“घरात वाकून यावं,” अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, “देवळात नाही का वाकत?”

माझा नवरा दीपक तेव्हा आत, वर अडकलेला फेटा सोडवत होता. तो म्हणाला, “अण्णा, देवळात पंखा एवढा खाली नसतो!”

*

पाटीलकाका सुरतजवळच्या सचिन गावात एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, कारखान्यात आहेत. स्वभावाने दिलदार. एके दिवशी स्कूटरवर पोतं लादून आले आणि गल्लीत पुकारा केला, “या, या! काय माती मिळालीय बघा, लालबुंद! एकदम कोकणातली!”

ही कोकणातली माती कारखान्याच्या भिंतीमागे कोणीतरी ओतून ठेवली होती.

घराघरातून बायका ताटल्या, घमेली घेऊन आल्या. सगळ्या तुळशींना नवी माती मिळाली. सासूबाईंनी तर दोनदा घेतली. मला तिचा वास काही ठीक वाटला नाही, पण वासाबद्दल नव्या सुनेने बोलावं असा तो प्रसंग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी तुळशीला पाणी घातलं आणि सगळ्या कुंड्यांखालून गुलाबी सरबत वाहायला लागलं! ओटे गुलाबी, पायऱ्या गुलाबी, सासूबाईंची पावलं अशी रंगली की कोणीतरी “कोणाचं लग्न आहे?” असं विचारलं. आठवड्याभरात तुळशी माना टाकून मोकळ्या झाल्या.

पाटीलकाकांचा पांढरा लेंगा कुंडीजवळच्या दोरीवर वाळत होता. वाऱ्याने खाली पडला आणि गुडघ्यापर्यंत भिजला. काकूंनी तो साबणाने घासला, सोड्यात उकळला, लिंबू लावलं. काही नाही. त्या रडकुंडीला येऊन तो नवऱ्यापुढे नाचवायला लागल्या.

काकांनी कापड बोटात धरलं, उजेडात नेलं, चोळून बघितलं. आणि चेहऱ्यावर असा काही अभिमान आला!

“मंगला, रंग पक्का आहे हां आपला!”

*

पर्यावरण दिनाला आमच्या सोसायटीत वृक्षारोपण असतं. गेल्या वर्षी मी लग्न होऊन नुकतीच आले होते, म्हणून मलाही हातात हळदकुंकवाचं ताट देऊन उभं केलं होतं.

सोसायटीचे प्रमुख रमणभाई गेटपाशी रोप घेऊन उभे. खड्डा करायला माणूस बोलावला. त्याने ब्लॉक उचलला. खाली सिमेंट. सिमेंटला पहार लागेना म्हणून ब्रेकर मशीन मागवलं. सिमेंट फुटलं, तर खाली डांबर. डांबराखाली खडी. खडीखाली जुने ब्लॉक, वेगळ्या डिझाइनचे! एका काकांनी ते ओळखलेसुद्धा, “हे मागच्या निवडणुकीच्या आधीचे.”

रमणभाईंच्या हातातलं रोप उन्हाने कोमेजायला लागलं. ते खड्ड्यात वाकून म्हणाले, “अरे भाई, नीचे जमीन छे के नथी?”

“असेल हो,” अण्णा म्हणाले, “पण आता तिला भेटायला अपॉइंटमेंट लागते.”

शेवटी मशीनवाल्याची वेळ संपली. उघडा खड्डा धोक्याचा म्हणून सिमेंटने बुजवला आणि रोप कुंडीत लावून त्यावर ठेवलं. फोटो मात्र छान आलाय!

*

मग आली नवरात्र. घट बसवायला माती पाहिजे. कॉमन प्लॉटची देवाला चालत नाही, तिथे कुत्री बसतात. कारखान्याची कोणी नावही काढेना. सासूबाईंनी दीपकला सांगितलं, “कुठून बी आण, पण माटी चांगली पायजे.”

दीपकने खिशातून फोन काढला आणि माती मागवली!

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माती दारात आली. चकचकीत पाकीट, वर हसरं पान, खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. सासूबाईंनी आधी पाकिटालाच हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. वाचता वाचता थांबले. पुन्हा वाचलं. माती भरली होती त्या गावाचं नाव त्यांनी दोनदा उच्चारलं. अण्णांच्या गावापासून ते गाव म्हणजे बैलगाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी!

मग अण्णांनी चष्मा काढला.

“आपुन तिले सोडी उनूत,” ते म्हणाले, “ती मांगे मांगे उनी. कुरिअरनं!”

*

माझं मडक्याचं प्रकरण त्यानंतरचं.

माहेरी अमळनेरला आमचं ओलं खरकटं कधी कचऱ्यात जात नसे. बाबा परसात त्याचं खत करायचे. इथे रोज भाजीची देठं आणि सालं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत टाकताना माझा जीव कळवळायचा. म्हणून मी गच्चीत एक मडकं ठेवलं. त्यात सालं, चहाचा चोथा, वाळका पाला, पिळलेली लिंबं. माश्या येऊ नयेत म्हणून वर फडकं बांधलं. घरात जुनं फडकं शोधलं, तर मिळालं नेमकं लाल!

दोन-तीन महिन्यांनी मंगलाकाकू पापड वाळत घालायला त्यांच्या गच्चीत आल्या आणि पापड टाकून खाली पळाल्या.

“नव्या सुनेने गच्चीत मडकं बांधलंय. लाल फडकं! आत लिंबं टाकताना मी बघितलंय!”

संध्याकाळपर्यंत लिंबायतहून एक भगतबाबा आले. सासूबाईंनी मला देवघरात बसवून ठेवलं होतं. दीपक कामावर. मी सांगायला दोनदा तोंड उघडलं, तर सासूबाईंना वाटलं, आता माझ्या अंगात येतंय. बाबा आल्यावर मलाही गच्चीत नेऊन एका बाजूला उभं केलं.

बाबांनी मडक्याभोवती फेऱ्या मारल्या, पुटपुटले, अंगारा टाकला आणि झटक्यात फडकं सोडलं. सगळ्या बायका मागे सरकल्या. बाबांनी आत हात घातला. काळीभोर, भुसभुशीत माती वर आली. त्यात एक गांडूळ वळवळलं. बाबांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

“कोणी केलं हे?”

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

“पोरी,” बाबा म्हणाले, “थोडं पिशवीत बांधून दे. माझा गुलाब दोन वर्षं फुलला नाही!”

उरलेलं खत मी कॉमन प्लॉटच्या कोपऱ्यात घातलं आणि मेथी टाकली. पहिली जुडी घरी आणली त्या दिवशी सासूबाई कुठली म्हणून विचारत बसल्या नाहीत. भाकरी मात्र एक जास्त खाल्ली. खरं तर त्यामुळेच मला खिडकीतून ऐकू आलेलं ते वाक्य जरा जास्त लागलं.

*

आणि मग परवाची मीटिंग.

मे महिना. विषय एकच: कॉमन प्लॉटवर ब्लॉक. रमणभाईंनी संध्याकाळी गेटपाशी, मागच्या वर्षी घातलेल्या ब्लॉकवर खुर्च्या मांडल्या. ऊन कलायला आलं होतं, पण ब्लॉक दिवसभराचे तापलेले. खालून अशी वाफ येत होती की मीटिंग चाललीय की भट्टी लावलीय ते कळेना.

सगळ्यात आधी मंगलाकाकू उठल्या. “इथे काही बसवत नाही बाई!” म्हणत त्यांनी खुर्ची उचलली आणि प्लॉटवर कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. त्यांच्यामागे सासूबाई. मग पाटीलकाका, मग समोरची रांग. शेवटी रमणभाई स्वतः खुर्ची डोक्यावर घेऊन आले.

बसल्या बसल्या सगळ्यांचा जीव थंड झाला. एकेकाने चपला सोडल्या. पाटीलकाकांनी दोन्ही पाय लांब केले. सासूबाईंची बोटं मातीत रुतली आणि तिथेच खेळत राहिली; त्यांच्या लक्षातही नव्हतं. रमणभाईंनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “अहियां तो एसी छे, बोस!”

मग डोळे उघडून त्यांनी मीटिंग सुरू केली.

इथे ब्लॉक का पाहिजेत, यावर सगळे पोटतिडकीने बोलले. चिखल होतो. पाय घाण होतात. धूळ उडते. गरब्याला जागा समतल पाहिजे. शेजारच्या सोसायटीने केलं, आपणच मागे. अण्णा म्हणाले, “एकदाचं टाकून मोकळं व्हा.” मंगलाकाकू म्हणाल्या, “मातीचं कौतुक गावाला.” दीपकने माझ्याकडे बघितलं आणि कान खाजवला.

“तो फिर मंजूर,” रमणभाई म्हणाले. “सब हाथ ऊपर करो.”

हात वर जायला लागले.

“किसीको कुछ बोलना है?” त्यांनी रीत म्हणून विचारलं. बायकांच्या बाजूला नजर फिरवली ती खुर्च्या मोजाव्यात तशी.

मी उभी राहिले. सासूबाईंनी माझा पदर खाली ओढला, “बस वं!” पण तोवर सगळे वळून बघायला लागले होते. कोणीतरी म्हणालंसुद्धा, “अरे, दीपकची मिसेस बोलते?”

मी पदर सोडवून घेतला. आवाज निघाला, आणि बराच मोठा निघाला.

“माझी काही हरकत नाही. फक्त हात वर करायचे ते सगळ्यांनी तिकडे, गेटपाशी ब्लॉकवर उभं राहून करू या. चपला इथेच राहू द्या!”