कोनाड्यातला कप

आईनं सुट्टी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कुठं जायचं ठरवलं, आणि ते ठिकाण ऐकून मी तिच्यावर चिडले. महाबळेश्वर म्हणाली असती तर समजू शकले असते. ती म्हणाली, "बंगल्यावर जाऊ. दोन दिस. सायेबलोक ऱ्हात्यात तसं."

बंगला म्हणजे वेल्ह्याच्या वाटेवरचा सरकारी बंगला. तोरण्याकडे तोंड, दोन खोल्या, पुढं लांब व्हरांडा. त्या दोन खोल्यांच्या दिमतीला पाच माणसं होती: खानसामा, चौकीदार, माळी, पाणी भरणारा आणि पाचवी झाडणारी. बारा वर्षं ती पाचवी माझी आई होती. अंगण, मागची पडवी आणि संडास एवढा तिचा मुलूख. आत पाऊल टाकायचं नाही. आतला केर चौकीदार दारापर्यंत ढकलत आणायचा आणि उंबऱ्याबाहेर पडला की तो केर आईचा व्हायचा. आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं लोटली होती, पण ते बंगल्याला कुणी कळवलेलं दिसत न्हाई, असं आई म्हणायची.

मागच्या पडवीत भिंतीला एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. झाडून झालं की आईनं तो काढून पायरीवर ठेवायचा, खानसाम्यानं वरून चहा ओतायचा, आणि पिऊन झाल्यावर आईनंच तो विसळून पुन्हा पालथा घालायचा. लहानपणी मी तिच्याबरोबर जायची तेव्हा त्या कपातून आधी मी प्यायची, मग ती. चहा चांगला असायचा, हे मला कबूल करावं लागतं. त्याचाच आज जास्त राग येतो.

पुढं मी शिकले, किकवीच्या सरकारी शाळेत बाई म्हणून लागले आणि आईला तिकडं घेऊन आले. बंगल्यावर तिच्या जागी आमच्या वस्तीतली एक तरुण सून लागली. त्यानंतर तीनेक वर्षांनी, सत्तर सालाच्या आसपास, आईनं हे मुक्कामाचं खूळ काढलं.

"तिथं जाऊन करणार काय?" मी विचारलं.

"काय करनार? म्होरल्या खुर्चीत बसनार. पांढऱ्या कपात चा मागनार."

"पांढऱ्या कपात तू घरी रोज पितेस."

"घरात कोन न्हाई म्हनतंय मला?" आई म्हणाली.

मग तयारी सुरू झाली, आणि त्या तयारीत मी विद्यार्थिनी झाले नि आई मास्तर. बंगला तिनं बाहेरून पाठ केलेला होता. जेवणाची मागणी आदल्या दिवशी चिठ्ठीनं कळवायची. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, चादरी मात्र बंगल्याच्या. पहिला चहा पलंगावर येतो, तोंड धुवायच्या आधी. टेबलावर घंटी असते, ती एकदाच वाजवायची. दोनदा वाजवणारा साहेब नवा असतो. कोंबडीचा रस्सा सांगायचा, कारण खानसाम्याचा हात त्यालाच आहे. "तुला गं कसं ठाऊक?" मी म्हटलं. "बारा वर्सं वास घेतलाय," ती म्हणाली.

अर्जाचा छापील कागद भोरहून आणावा लागला. नाव, हुद्दा, किती माणसं, किती दिवस हे भरून झालं आणि मी अडले. 'मुक्कामाचे कारण' असा रकाना होता. मी खूप विचार करून लिहिलं की शाळेच्या कामानिमित्त परिसराची पाहणी करणे. आईनं वाचून दाखवायला लावलं, आणि तिचा पारा चढला.

"पाहनी कसली? खोटं कशाला लिवतीस? चोरी करतीय का आपुन?"

"मग काय लिहू?"

"ऱ्हायाचं हाय म्हून लिव."

मी दुसरा कागद घेतला आणि कारणापुढं एकच शब्द लिहिला: राहणे. लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र खूश होती.

भोरच्या कारकुनानं तो शब्द दोनदा वाचला. "बाई, बंगला साहेबांच्या कामासाठी असतो. सहलीला नव्हे," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर नियमांची पाटी टांगलेली होती. रोज तिच्याखाली बसणाऱ्या माणसाला ती वाचायची गरज पडली नसावी. मी वर्गात वाचते तशी खणखणीत आवाजात वाचली: कोणी अधिकारी येणार नसतील त्या दिवशी कोणाही सरकारी नोकरास खोली मिळेल. बाकावर बसलेले चार लोक माना वळवून बघायला लागले. कारकुनानं शिक्का मारला.

ठरल्या दिवशी नसरापूरच्या फाट्यावर गाडी बदलून आम्ही वेल्ह्याच्या एसटीत बसलो. आईनं इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. माझ्याकडे वळकटी, तिच्याकडे कापडी पिशवी. बंगल्यापाशी उतरलो आणि मी चालायला लागले ते थेट मागच्या फाटकाकडे. डोक्यात काहीच नव्हतं. पायच तिकडे गेले. शिकलेली मी, पाटी वाचून दाखवणारी मी! आईनं दंड धरून मला थांबवलं.

"म्होरनं," ती म्हणाली. बस, एवढंच. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

खानसाम्याला आम्ही मामा म्हणायचो. ते दारात उभे होते. कागद त्यांच्याकडे आधीच गेला होता, पण त्यावरचं नाव कुणाचं हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. "आगं, तू हिकडं कुठं?" ते आईला म्हणाले. मग माझ्या हातातला शिक्क्याचा कागद बघितला आणि खोली उघडून दिली.

आई व्हरांड्यातल्या लांब हातांच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मी घंटी वाजवली. एकदाच. मामा ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये निळ्या काठाचा पांढरा कप होता, माझ्यासाठी. आणि शेजारी तो कान तुटलेला.

मामांच्या मनात वाईट असेल असं मला आजही वाटत नाही. तिचा कप तिला आणला, एवढंच त्यांना वाटलं असणार. पण मला तो ट्रे अंगणात भिरकावून द्यावासा वाटला.

आई शांतपणे म्हणाली, "मामा, ह्यो झाडनारीचा कप. म्या आज पाव्हनी हाय. पाव्हन्याचा आना."

मामा उभे राहिले. चौकीदार कोपऱ्यातून बघत होता. मग मामा आत गेले आणि दुसरा पांढरा कप घेऊन आले. आईनं बशीत ओतून, आवाज करत, सगळा चहा संपवला. कप विसळायला उठली नाही. तिथंच टेबलावर ठेवला, खाली साखर राहिलेला.

दोन दिवस आम्ही राहिलो. रस्सा मागवला, पलंगावर चहा घेतला. पण मला तिचं ते बोलणं खटकत राहिलं. झाडणारीचा कप! म्हणजे आपण पांढऱ्या कपात प्यायचं आणि आता झाडते तिनं फुटक्या कपात? वस्तीतली ती सून सकाळी अंगण झाडून मागं पायरीवर बसलेली मी बघितली होती, तोच कप पुढ्यात घेऊन. मी आईला तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "शानी हाईस. गप ऱ्हा."

निघायच्या सकाळी बंगल्याची रीत पार पडली. पाहुणा जायच्या आधी खानसामा सामान मोजून घेतो. मामांनी वही उघडली आणि आम्हाला समोर उभं करून एकेक मोजलं. चादरी चार. ताटं सहा. कप सहा, बश्या सहा. घंटी एक. चौकीदार तर आमच्या वळकटीकडे टक लावून बघत होता. सगळं बरोबर भरलं. मामांनी सही केली, मी सही केली, आईनं मी शिकवलेल्या अक्षरांत आपली सही केली.

एसटी घाटाच्या वळणाला लागली तेव्हा आईनं कापडी पिशवीत हात घातला आणि माझ्या मांडीवर कप ठेवला. कान तुटलेला.

"आई! चोरलास?"

"वहीत हाय का त्यो?" ती म्हणाली. "मोजला का कुनी? बारा वर्सांत कवा मोजला न्हाई. मंग चोरी कसली?"

मला इतकं हसू फुटलं की कंडक्टर वळून बघायला लागला. आई हसली नाही. म्हणाली, "आता तिला कशात देत्यात बघू."

वस्तीतली ती सून आठ-दहा दिवसांनी किकवीला नातेवाइकांकडे आली तेव्हा आमच्याकडेही डोकावली. आईनं तिला बसवलं आणि सगळ्यात आधी कपाचंच विचारलं.

"दोन दिस पांढऱ्या कपात दिला मामांनी," ती म्हणाली. "मंग चौकीदार कायतरी बोलला. तिसऱ्या दिशी कोनाड्यात नवा कप आला. फुलांचा हाय."

मला रडू यायचं तेवढं राहिलं. आईनं तिच्यापुढं चहाचा कप ठेवला, आपल्यातला, आणि पदराला हात पुसत माझ्याकडे वळली.

"पेन घे. अर्ज लिव."

"आणि कारण?"

"तेच की. ऱ्हायाचं हाय."