वास्तुशांतीचे यजमान घोषबाबू

सॉल्ट लेकमधल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा मी उंबऱ्याबाहेर उभा राहून चपला सांभाळत होतो.

केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांची कंत्राटं तपासता तपासता मला इतकी खुमखुमी आली होती, की स्वतःच्या घराचं कंत्राट मीच लिहिलं. (‘वकिलाला विचारा,’ असं सौ. म्हणाली होती. मी हसलो होतो!) त्यात एक कलम होतं: काम पुरं होईपर्यंत घराचा ताबा कंत्राटदाराचा. मालकानं त्याआधी घर कशालाही वापरलं, तर त्यानं ताबा घेतला असं धरायचं आणि उरलेली दुरुस्ती त्यानंच करायची. हे मी का लिहिलं? सरकारी नमुन्यात होतं म्हणून!

मुहूर्ताच्या दिवशी पुण्याहून आई आलेली, बालीगंजहून गुरुजी आलेले, आणि मधल्या खोलीचं छत अजून गळतंय. आमच्या कंत्राटदारांनी, घोषबाबूंनी, हसतमुखानं दार उघडलं.

“आइए दादा! आप पूजा में बैठिए, पज़ेशन हो जाएगा.”

“और छत?”

“छत फिर आपका!”

मी उचललेला पाय मागे घेतला.

“अरे, आत ये की!” आई म्हणाली.

“नाही येता येत. कायद्यानं घर अजून त्यांच्या ताब्यात आहे. तुम्ही सगळे जा, त्यांचे पाहुणे म्हणून.”

“मुहूर्त चाललाय!” गुरुजी कडाडले. “यजमान कोण?”

“ज्याचं घर तो यजमान,” आई म्हणाली. “घोषबाबू, बसा पाटावर.”

मला वाटलं, गृहस्थ संकोचेल. छे! बायकोला हाक मारून तो बसलासुद्धा. माझं नवंकोरं रेशमी सोवळं त्याला सौ.नंच काढून दिलं! संकल्पात त्याचं गोत्र ऐकताना मला खरंच रडू यायला लागलं.

इतक्यात छतातून एक थेंब यजमानांच्या टकलावर पडला. घोषबाबू पाटावरूनच गरजले, “मिस्त्री!” इतके महिने माझी कलमं ऐकून न हललेला माणूस, आपल्याच वास्तूला गळती म्हटल्यावर पेटला. आठवड्यात छत कोरडं करून त्यानं मला किल्ल्या दिल्या. माझा हक्क शाबूत राहिला होता!

पण दरवर्षी त्या दिवशी घोषबाबू संदेश मिठाईचा डबा घेऊन येतात, भिंतींवरून मायेनं हात फिरवतात आणि विचारतात, “घर ठीक है ना?”

“ऊठ रे,” आई माझ्या खुर्चीकडे बोट दाखवते, “यजमान आलेत.”

आणि मी उठतो!